नव्वद अंशांचा अर्थ

आपल्या घरांत तापमान मोजण्याच्या दोन परंपरा सुखाने नांदत असतात. अंगातला ताप आपण फॅरनहाइटमध्ये सांगतो आणि उन्हाळा सेल्सिअसमध्ये. ‘पोराला १०२ ताप आहे’ आणि ‘आज पारा ४२ वर गेला’ ही दोन्ही वाक्ये एकाच बैठकीत, एकाच तोंडून निघतात आणि ऐकणाऱ्याचा कधी गोंधळ होत नाही. आकडा कोणत्या श्रेणीतला हे कोणी सांगत नाही, कोणी विचारीतही नाही. संदर्भच ते सांगून जातो. खुद्द आंदेर्स सेल्सिअस याने १७४२ मध्ये जी श्रेणी सुचविली, तिच्यात पाणी उकळण्याचा बिंदू शून्य होता आणि गोठण्याचा शंभर. आज आपण वापरतो ती त्या श्रेणीची उलटलेली आवृत्ती. म्हणजे मोठा आकडा अधिक उष्णतेचा, ही गोष्टदेखील माणसांनी आपसांत ठरविलेली आहे.

या दोन आकड्यांमागे एक वारसा असतो. ९८.६ हा आकडा शाळेत जाण्याआधीच कानांवर पडलेला असतो. बेचाळीस म्हणजे काय हे सोलापूरकराला समजावून सांगावे लागत नाही. दुपारी ओस पडलेले रस्ते, अर्ध्यावर ओढलेली दुकानांची शटरे, माठाला गुंडाळलेले ओले फडके आणि ‘उन्हाचं बाहेर पडू नका’ ही घराघरांतली ताकीद, हे सारे त्या आकड्यात आधीच भरलेले असते. हे शहर मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूही बोलते. कोणाचे ऊन, कोणाचे बिसिलु, कोणाचे एंड. पण कपाळावरचा घाम एकच. आकड्याला अर्थ येतो तो अशा सामायिक अनुभवातून.

तिसरा एक आकडा मात्र गेल्या पंचवीसेक वर्षांत आपल्या घरात येऊन राहिला आहे आणि त्याच्यामागे असा वारसा नाही. संगणकाच्या प्रोसेसरचे तापमान हा तो आकडा. पडद्याच्या कोपऱ्यात ७१, ८४, ९१ असे काहीतरी दिसते. कोणत्याही आजीने त्याविषयी काही सांगून ठेवलेले नाही. तो वाचावा कसा, कशाला भ्यावे आणि कशाला भिऊ नये, हा प्रश्न मराठीच्या अध्यापकाला पडण्याचे वस्तुतः कारण नव्हते. मला तो पडला, आणि पुढे असे वाटू लागले की हा प्रश्न आपल्याच, म्हणजे वाचनाच्या, क्षेत्रातला आहे.

कारण घडले ते असे. एम.ए.च्या वर्षांत आणि नंतर काही काळ मी सोलापूर, मोहोळ, अक्कलकोट या भागांत फिरून बायकांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर उभे केलेले एक लाखाहून अधिक ओव्यांचे काम आपणांस ठाऊकच आहे; त्या पर्वतापुढे माझे हे गाठोडे फार लहान. एकूण त्रेचाळीस कॅसेटी. गाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी विडी वळणाऱ्या, काही जणी एकेकाळी गिरणीत गेलेल्या. त्यांच्यापैकी आज थोड्याच हयात आहेत. कॅसेटची फीत मात्र सर्वांसाठी सारखीच झिजत असते. म्हणून ते आवाज संगणकावर उतरवून घेतले आणि फितीची खरखर वजा करून मूळ आवाज वर आणणारी एक आज्ञावली मिळविली. ती चालविली की प्रोसेसर एका क्षणाचीही उसंत न घेता पूर्ण क्षमतेने राबतो. एका तासाच्या मुद्रणाला माझ्या संगणकावर चार-पाच तास लागतात. (जात्याची घरघर म्हणजे खरखर नव्हे, ती ओवीचाच भाग आहे, हे त्या आज्ञावलीला दर वेळी निराळे सांगावे लागते. पण तो विषय वेगळा.)

हे काम करण्यास सलग वेळ मिळतो तो परीक्षांनंतरच, म्हणजे मे महिन्यात. त्या महिन्यातल्या एका दुपारी, खोलीतल्या तापमापकात ३९ अंश असताना, पडद्यावरचा आकडा ९१ वर जाऊन थांबला आणि तेथेच राहिला. दहा वर्षांमागचा संगणक, इंटेलचा आय-फाइव्ह जातीचा प्रोसेसर. दुसरा संगणक घरात नाही. हाच बसला तर काम पुढच्या उन्हाळ्यावर जाणार, आणि फिती एका वर्षाने आणखी जुन्या होणार. काम थांबवावे की चालू ठेवावे?

तीन जणांना विचारले. विज्ञान शाखेतल्या एका विद्यार्थ्याने लगोलग सांगितले, ‘मॅडम, सत्तरच्या वर गेला की बंद करा.’ संगणक दुरुस्त करणारा जो गृहस्थ नेहमी येतो तो हसून म्हणाला, ‘शंभरपर्यंत काय होत नाही मॅडम. चालू द्या की.’ आणि तिसरा साक्षीदार म्हणजे उत्पादकाने प्रसिद्ध केलेला तपशील. त्या पिढीच्या अनेक प्रोसेसरांच्या नोंदीत बहात्तरच्या आसपासचा आकडा कमाल म्हणून दिलेला सापडतो. सत्तर, बहात्तर आणि शंभर! एकाच संहितेचे तीन पाठ हाती लागावेत तशी माझी अवस्था झाली. पाठभेद दिसले की ते कोठून आले याचा शोध घ्यावा, ही आपली शिस्त. ती येथे कामी आली.

बहात्तर आणि शंभर या दोहोंत विरोध नाही, कारण ती दोन वेगळ्या जागांची तापमाने आहेत. प्रोसेसरच्या सिलिकॉनच्या चकतीवर धातूचे झाकण असते. बहात्तर ही त्या झाकणाच्या पृष्ठभागावर, मध्यभागी मोजलेल्या तापमानाची मर्यादा. शंभर ही आतल्या चकतीची मर्यादा. पडद्यावर दिसते ते आतले तापमान, आणि ते झाकणाच्या तापमानाहून नेहमीच अधिक असते. आतल्या आकड्याला बाहेरची मर्यादा लावणे म्हणजे काखेत धरलेल्या थर्मामीटरला पातेल्यातल्या दुधाचा नियम लावण्यासारखे. विद्यार्थ्याचे ‘सत्तर’ बहुधा या बहात्तरचीच गोळीबंद आवृत्ती असावी. आकडा तोंडोतोंडी फिरत राहिला आणि तो कोठला, हा भाग वाटेत गळून गेला. लोककथेत हे घडते हे आपण शिकवितो. तंत्राच्या जगातही घडते.

याहून मनोरंजक गोष्ट पुढे आहे. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये प्रत्येक गाभ्याजवळ तापमानाचा संवेदक बसविलेला असतो. तो ‘माझे तापमान ९१ आहे’ असे सांगत नाही. ‘मी माझ्या मर्यादेपासून ९ अंश दूर आहे’ एवढेच तो नोंदवितो. मर्यादा शंभर आहे हे धरून वजाबाकी करून ९१ हा आकडा आपल्यापुढे मांडते ती पडद्यावरची आज्ञावली. म्हणजे प्रोसेसरच्या दृष्टीने मूळ राशी ‘अंतर’ ही आहे; तापमान हा आपल्या सोयीसाठी केलेला अनुवाद. आणि अनुवादात जे होते ते येथेही होऊ शकते. २०१७ साली आलेल्या एएमडीच्या रायझेन १७००एक्स आणि १८००एक्स या प्रोसेसरांत पंख्यांचे नियमन सर्व जातींत सारखे राहावे म्हणून नोंदविलेला आकडा प्रत्यक्षाहून २० अंशांनी वाढवून दिला जात असे. ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस ६० ला ८० वाचून हवालदिल होणार. त्याच कंपनीने २०२२ मधील रायझेन ७००० मालिकेविषयी मात्र स्पष्ट केले, की पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाणे हे त्या प्रोसेसरांचे नियोजित वर्तन आहे. एकाचे ९५ म्हणजे धोक्याची घंटा, दुसऱ्याचे ९५ म्हणजे रोजची वाट. तेव्हा पहिला प्रश्न ‘किती?’ हा नसून ‘कोणाचे, आणि त्याची मर्यादा कोठे?’ हा असायला हवा.

माझ्या प्रोसेसरची मर्यादा शंभर. अंतर नऊ अंश. मग दुरुस्तीवाल्याचे म्हणणे खरे मानून निर्धास्त व्हावे काय? तसेही नाही. कारण मर्यादेपासूनचे अंतर हा निवाड्याचा अर्धाच भाग आहे.

उरलेला अर्धा भाग भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या उष्णतेच्या लाटेच्या व्याख्येत चांगला दिसतो. मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश झाल्याखेरीज लाटेचा विचारच होत नाही. किनारपट्टीवर तो उंबरठा ३७ चा आहे आणि डोंगराळ भागात ३० चा. तो ओलांडला, की त्या दिवसाचे तापमान त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा किती वर आहे हे पाहतात. साडेचार ते ६.४ अंशांनी वर असेल तर लाट, त्याहून अधिक असेल तर तीव्र लाट. आणि याबरोबर एक निरपेक्ष निकषही ठेवला आहे : तापमान ४५ वर गेले तर सरासरी काहीही असो, लाट आहेच. म्हणजे दोन कसोट्या एकत्र. एक स्वतःच्या नेहमीच्या स्थितीपासून ढळण्याची, दुसरी सर्वांसाठी एकच असलेल्या सीमेची. पहिली नसेल तर सोलापुरात सारा मे महिना आणीबाणी होईल. दुसरी नसेल तर सवयीच्या नावाखाली काहीही खपून जाईल.

प्रोसेसरला ही दुहेरी कसोटी जशीच्या तशी लागू पडते. पण त्यासाठी त्याची ‘नेहमीची स्थिती’ ठाऊक हवी, आणि ती एका आकड्यात मावत नाही. रिकाम्या बसलेल्या संगणकाचे तापमान वेगळे, भाराखालचे वेगळे. आणि दोन्ही खोलीच्या हवेवर अवलंबून. पंखा आणि हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावर बसविलेला धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा, हे दोघे मिळून उष्णता खोलीतल्या हवेला देतात. ते प्रोसेसरला खोलीहून थंड कदापि करू शकत नाहीत. ठरावीक कामासाठी प्रोसेसर खोलीच्या तापमानाहून ठरावीक अंशांनी वर राहतो, असा ढोबळ हिशेब मांडता येतो. ‘भाराखाली सत्तर’ हा सल्ला ज्यांनी प्रथम दिला असेल, त्यांच्या खोलीत बहुधा वीस-बावीस अंश असतील. त्यांचा प्रोसेसर खोलीहून पन्नास अंश वर होता. तोच प्रोसेसर, तेच काम, तोच पंखा माझ्या ३९ अंशांच्या खोलीत आणला तर आकडा नव्वदच्या घरात जाणारच. यंत्रात काहीही बिघडलेले नाही. खोली बदलली आहे.

उष्णतेचा अंदाज वर्तविणारी यंत्रेही या नियमातून सुटलेली नाहीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ हा महासंगणक आला, आणि २०२४ मध्ये ‘अर्क’. अर्क म्हणजे सूर्य. सूर्याचे नाव घेतलेल्या त्या यंत्रालाही उद्याचे ऊन किती हे सांगण्याआधी स्वतःला थंड राखावे लागते. पुण्याच्याच आयसरमध्ये २०१९ साली बसविलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात प्रोसेसरची उष्णता वाहून नेण्यासाठी हवेऐवजी थेट द्रव खेळविला आहे. आमच्या खोलीत फिरतो तो छताचा पंखा. भारनियमनाच्या काळात तर एक विलक्षण प्रसंग ओढवत असे : संगणक बॅटरीवर चालू राही आणि माणसांचा पंखा बंद पडे. यंत्र काम करीत राहायचे आणि त्याची खोली हळूहळू भट्टी होत जायची.

असो. मी एक वही घातली. एका रकान्यात खोलीचे तापमान, दुसऱ्यात प्रोसेसरचे, तिसऱ्यात चालू काम, चौथ्यात दोहोंतला फरक. सुदैवाने जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, पहिल्या दोन कॅसेटींवर हेच काम केले होते आणि तेव्हाचे आकडे टिपून ठेवले होते. खोली २४, प्रोसेसर ७१. फरक ४७. मेमधल्या त्या दुपारी फरक ५२. म्हणजे ९१ मधला मोठा वाटा सोलापूरच्या उन्हाळ्याचा होता, पण पाच अंशांचा हिशेब उन्हाळ्याकडे जमा होत नव्हता. ते पाच अंश यंत्राचे होते. मला विचारले तर त्या साऱ्या प्रकरणात खरी बातमी ९१ ही नव्हतीच. ते पाच अंश ही बातमी होती.

दुरुस्तीवाल्याने पेटी उघडली तेव्हा ती बातमी डोळ्यांना दिसली. हीटसिंकच्या पात्यांमध्ये राखाडी रंगाचा एक मऊ थर बसला होता. धूळ तर होतीच, पण तिच्यात सुताचे तंतूही होते. हे गाव चादरींचे आणि टॉवेलांचे. आमच्या गल्लीच्या मागे यंत्रमाग चालतात आणि तंतू हवेत तरंगत असतात. ‘चादर विणलीय बघा ह्यानं आतल्या आत,’ तो म्हणाला. त्याने ब्रशने आणि हवेच्या झोताने पाती मोकळी केली, प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामधला वाळून गेलेला लेप पुसून नवी थर्मल पेस्ट लावली. या लेपाचे काम दोन धातूंमधली सूक्ष्म पोकळी भरून काढण्याचे. हवा उष्णतेची वाईट वाहक, म्हणून तेथे हवा नको. त्यानंतर फरक ४४ वर आला. जानेवारीहूनही कमी.

सोलापुरी चादरीचा उल्लेख निघालाच आहे तर आणखी एक. विद्यार्थ्यांकडे आता लॅपटॉप असतात आणि ते पलंगावर, चादरीवर मांडी घालून वापरतात. लॅपटॉप हवा आत घेतो तो बहुधा तळाकडून. चादर ती वाट बुजविते. आपली चादर ऊब धरून ठेवण्यासाठी नावाजलेली. तो गुण तिने लॅपटॉपखाली सोडावा अशी अपेक्षा चुकीची आहे. खाली लाकडी पाट किंवा एखादा जाड शब्दकोश ठेवला तरी काम भागते.

आता मर्यादा ओलांडल्यावर काय होते याकडे वळू. शंभर अंशांना सिलिकॉन वितळते अशी काहींची समजूत दिसते; ते वितळते १४१४ अंशांना. तेथवर जाण्याचा प्रश्नच नाही, कारण मर्यादेजवळ आला की आजचा प्रोसेसर स्वतःचा वेग आणि विजेचा दाब कमी करतो. तरीही तापत गेला तर अखेर संगणक बंद पाडतो. हे शहाणपण त्याला जन्मतः नव्हते. २००१ साली टॉम्स हार्डवेअरने एक प्रयोग चित्रित केला होता. चालू संगणकांतल्या प्रोसेसरांवरचे हीटसिंक काढून घेतले. इंटेलचा पेंटियम ४ मंदावला, पण चालत राहिला. एएमडीचा त्या वेळचा अ‍ॅथलॉन काही क्षणांत धूर सोडून जळाला. त्या चित्रफितीची तेव्हा बरीच चर्चा झाली. आज कोणत्याही प्रमुख उत्पादकाचा प्रोसेसर असा मुकाट्याने जळत नाही.

पण ‘जळत नाही’ म्हणजे ‘सुरक्षित आहे’ असे म्हणावे का? सुरक्षित या शब्दात दोन अर्थ एकत्र राहतात आणि भांडण बहुधा त्यांच्यातच असते. आज इजा न होणे हा एक, आणि दीर्घकाळ टिकणे हा दुसरा. रासायनिक क्रियांचा वेग तापमानाबरोबर कसा वाढतो याचे समीकरण स्वान्ते अर्‍हेनिअसने १८८९ मध्ये मांडले. संगणकाच्या सुट्या भागांची झीजही तापमानाबरोबर वेग घेते. दहा अंश वाढले की आयुष्य निम्मे, असा एक ढोबळ नियम अभियंते विशेषतः कपॅसिटरसारख्या भागांसाठी वापरतात. म्हणून ९१ ही आजच्या रात्रीची चिंता नसली तरी वर्षानुवर्षांची सवय होऊ नये. आणि याच्या नेमकी उलट बाजूही आहे. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत वारंवार बिघाड होऊ लागले. कंपनीने कारण दिले ते असे, की आतल्या सूक्ष्म-आज्ञावलीतल्या दोषामुळे प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक विद्युतदाब मागत होता. कंपनीने त्यांची हमी दोन वर्षांनी वाढविली आणि दुरुस्त आज्ञावली दिली. झालेली झीज मात्र तिने भरून येत नव्हती. म्हणजे तापमानाचा आकडा सभ्य दिसत असतानाही आत नुकसान चालू असू शकते. ताप नाही म्हणून माणूस निरोगी, असे कोणताही वैद्य म्हणत नाही.

तेव्हा निवाडा करायचा तो असा : प्रोसेसर कोणता आणि त्याची मर्यादा किती, हे प्रथम उत्पादकाच्या तपशिलातून पाहावे. तापमान वाचताना काम काय चालले आहे ते पाहावे. अवघड कामात ८५ दिसणे आणि रिकामे बसून ८५ दिसणे यांत महदंतर आहे, दुसरे नक्कीच दुखण्याचे लक्षण. खोलीचे तापमान वजा करावे आणि उरलेला फरक आपल्याच जुन्या नोंदींशी ताडून पाहावा. काम अचानक रेंगाळू लागले, पंखा सतत किंचाळू लागला किंवा संगणक आपोआप बंद पडला, तर आकडा काही का असेना, पेटी उघडावी.

काव्यशास्त्राच्या तासाला आपण एक जुने उदाहरण देतो. सूर्य मावळला, एवढेच विधान. गुराख्याला त्याचा अर्थ गुरे परतवावीत, चोराला त्याचा अर्थ कामाची वेळ झाली, अभिसारिकेला आणखी काही. वाच्यार्थ एकच, वक्ता, श्रोता आणि प्रसंग बदलले की व्यंग्यार्थ बदलतो. ९१ हे तसेच एक विधान आहे. ते खोटे बोलत नाही, पण एकटे असताना फारसे काही सांगतही नाही. आकडा आला की विवेचन संपले अशी आपल्या काळाची एक धारणा झाली आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन, विद्यार्थ्याची टक्केवारी, पुस्तकाची खपलेली प्रत, साऱ्यांचे आकडे आपल्यापुढे येतात आणि आपण मान डोलावितो. वास्तविक आकड्यापासून वाचनाला सुरुवात व्हायला हवी. साहित्याच्या अभ्यासकाने विज्ञानापुढे दबून जाण्याचे कारण नाही, आणि त्याकडे पाठ फिरविण्याचेही नाही. हवामान विभागाची ती व्याख्या म्हणजे निकषांचा किती सूक्ष्म विचार आहे!

मी काम चालू ठेवले, पण रीत बदलून. दुपार सोडून पहाटे चारला आज्ञावली सुरू करू लागले. विजेच्या वापराच्या रचनेत प्रोसेसरची कमाल क्षमता शंभराऐवजी ९९ टक्के केली. एवढ्या एका टक्क्याने त्याची तात्पुरती उसळी घेण्याची खोड बंद होते आणि तापमान बरेच उतरते. तासाभराच्या मुद्रणाला अर्धा-पाऊण तास अधिक लागू लागला. आकडा सत्तरच्या आत राहिला. आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे मूळ मुद्रणांच्या प्रती तीन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या. प्रोसेसर बाजारात मिळतो. त्या बायांचे आवाज मिळत नाहीत. कशाची सुरक्षितता, हा प्रश्न तापमानाच्या आधी विचारावा लागतो.

या पहाटेच्या तासांत एक विचार मात्र मनातून जात नाही. मर्यादा नऊ अंशांवर आली की प्रोसेसरला ते कळते आणि ती गाठली की वेग कमी करण्याची मुभा त्याला रचनेतच दिलेली आहे. त्याबद्दल कोणी त्याला बोल लावीत नाही. उलट ती त्याची प्रगती मानली जाते. आमच्या गल्लीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मागावर उभ्या असलेल्या कामगाराला ही मुभा नाही. विडी वळणारीची मजुरी हजारावर ठरते, मागावरची बहुतेक विणलेल्या नगांवर. उन्हाने हात मंदावला तर पैसे मंदावतात. त्या शेडमध्ये तापमापक लावलेला मी पाहिलेला नाही. माझ्या प्रोसेसरची वही आहे. तेथल्या दुपारींची वही कोण ठेवणार?

सतराव्या कॅसेटमध्ये एक बाई ओवी मध्येच सोडून थांबते. खरखर निघून गेल्यामुळे आता ते स्पष्ट ऐकू येते. ‘थांब गं, दम खाऊ दे,’ असे म्हणते, भांड्याचा आवाज होतो, पाणी प्यायल्याचा आवाज होतो, आणि मग ओवी पुढे सुरू होते. आज्ञावली ती शांतता रिकामी जागा समजून छाटू पाहत होती. मी ती ठेवली आहे.